लहान आगगाडीच्या डब्यांतील दिवे

रात्रीं दुरून जाणारी उतारूंची गाडी पाहणें सर्वांनाच आवडतें. एंजिन नीट दिसत नाहीं, डब्यांचा रंग कळत नाहीं. दिसते ती प्रकाशाच्या चौकोनांची एक लांब माळ, आणि त्या चौकोनांच्या आड माणसें बसलेलीं आहेत हें मनास आपोआप समजतें. मालगाडी कितीहि लांब असली तरी अंधारांत ती नुसता आवाज करून जाते. उतारूंच्या गाडीस जिवंतपणा येतो तो तिच्या खिडक्यांतील उजेडानें. म्हणूनच आगगाड्यांचे लहान नमुने करण्याचा अगर जमविण्याचा छंद ज्या मुलांना लागतो त्यांच्यापुढें आज ना उद्यां हा प्रश्न येतोच: आपल्या गाडीच्या डब्यांत दिवे कसे लावावे?

प्रश्न खेळाचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे असें आढळतें कीं, खऱ्या आगगाडीच्या एंजिनियरांना सव्वाशें वर्षांपूर्वी ज्या अडचणी आल्या, त्याच अडचणी आपल्या टेबलावरील गाडींतहि जशाच्या तशा उभ्या राहतात. यास्तव प्रथम खऱ्या डब्यांत दिवे कसे आले तें सांगून मग लहान डब्याकडे वळूं.

आपल्या देशांत उतारूंची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास गेली. अंतर सुमारें ३४ किलोमीटर. त्या काळीं आगगाडीच्या डब्यांत उजेड करावयाचा तो तेलाच्या दिव्यानें. विलायतेंत डब्याच्या छपरास भोंक ठेविलेलें असे, आणि स्थानकावर नोकर छपरावर चढून पेटविलेला दिवा त्या भोंकांतून आंत सोडी. त्याचा उजेड मंद असे व धूर मात्र भरपूर. पुढें तेलापासून तयार केलेला वायु लोखंडी टाक्यांत दाबून भरावयाचा, त्या टाक्या डब्याच्या तळाशीं बसवावयाच्या आणि नळीनें तो वायु दिव्यांपर्यंत न्यावयाचा, अशी युक्ति निघाली. जर्मनींतील जूलियस पिंट्श यानें ती प्रचारांत आणिली व ती अनेक देशांत पसरली. उजेड चांगला पडूं लागला. परंतु उतारूंच्या पायांखालीं ज्वालाग्राही वायु कोंडून ठेवणें ही केवढी जोखीम होती, तें २२ मे १९१५ रोजीं स्कॉटलंडांतील क्विंटिन्सहिल येथें दिसून आलें. सैनिकांना घेऊन जाणाऱ्या एका गाडीची तेथें टक्कर झाली. डबे लाकडी होते व दिवे वायूचे होते. आग लागली ती त्या वायूनें अधिकच भडकली, आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. डब्यांत दिवा कोणत्या प्रकारचा असावा हा केवळ सोयीचा प्रश्न नाहीं, जीवितरक्षणाचा आहे, हें त्या दिवसानें जगास शिकविलें.

विजेच्या दिव्यांचा प्रयोग मात्र त्यापूर्वींच झालेला होता. १८८१ सालीं इंग्लंडांत लंडन व ब्रायटन या गांवांच्या दरम्यान धांवणाऱ्या एका पुलमन डब्यांत विजेचे दिवे लावण्यांत आले. वीज पुरविण्यास डब्यांत बॅटऱ्या ठेविल्या होत्या. अडचण एवढीच कीं, बॅटरी रिकामी झाली म्हणजे ती पुनः भरून घ्यावी लागे. तेव्हां दुसरा विचार पुढें आला. गाडी चालते तेव्हां डब्याचीं चाकें फिरतातच. मग त्या फिरण्यांतूनच वीज कां काढूं नये? चाकांच्या आंसावर पट्टा चढवून त्या पट्ट्यानें डब्याखालीं टांगलेला डायनामो फिरवावा, ही योजना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत इंग्लंडांतील जे. स्टोन आणि कंपनी हिनें यशस्वी करून दाखविली, व पुढें ती आपल्या देशांतहि रूढ झाली.

योजना ऐकावयास सोपी आहे. परंतु तींत तीन अडचणी दडलेल्या आहेत, आणि वाचकांनीं त्या नीट लक्षांत ठेवाव्या, कारण आपल्याला त्या पुनः भेटणार आहेत. पहिली अशी कीं, गाडी थांबली म्हणजे डायनामो थांबतो आणि डब्यांत अंधार होतो. दुसरी अशी कीं, गाडी जों जों वेगानें जाईल तों तों विजेचा दाब वाढतो. हळू चालतां दिवा मिणमिणतो आणि भरधांव सुटतां तो जळून जाण्याचें भय असतें. तिसरी अशी कीं, गाडी उलट दिशेस चालूं लागली म्हणजे डायनामो उलटा फिरतो आणि विजेच्या प्रवाहाची दिशाहि उलट होते.

या तिन्हींवर उपाय शोधण्यांत आले. पहिलीवर उपाय म्हणजे बॅटरी. गाडी चालत असतां डायनामो दिवे लावतो आणि उरलेली वीज बॅटरींत भरतो. गाडी थांबतांच तीच बॅटरी दिव्यांना वीज पुरविते. दुसरीवर स्टोन कंपनीची युक्ति मोठी मौजेची होती. डायनामो असा टांगलेला असे कीं, ठराविक वेगापलीकडे पट्टा थोडा घसरूं लागे, म्हणजे चाकें कितीहि वेगानें फिरलीं तरी डायनामोचा वेग मर्यादेंत राही. तिसऱ्या अडचणीसाठीं दिशा बदलतांच जोडणी आपोआप बदलणारी योजना यंत्रांत केलेली असे.

आपल्या रेल्वेंत पुढें यांत पुष्कळ सुधारणा झाल्या. मद्रासजवळ पेरांबूर येथें २ ऑक्टोबर १९५५ रोजीं सुरू झालेल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या पद्धतीचे जे निळे डबे आपण पाहत आलों, त्यांच्या तळाशीं आंसावरील पट्ट्यानें फिरणारा अल्टरनेटर व बॅटऱ्यांची पेटी असते. दिवे व पंखे ११० व्होल्टच्या विजेवर चालतात. अलीकडील एल.एच.बी. जातीच्या गाड्यांत वीज निराळ्या जनरेटरच्या डब्यांतून किंवा विजेच्या एंजिनामार्फत सर्व डब्यांस मिळते. परंतु संकटकाळच्या दिव्यांसाठीं त्यांतहि बॅटरी ठेवावीच लागते.

आपल्या चिखल्याच्या मुलांना हें तत्त्व नवें वाटूं नये. मँगनीजच्या भूमिगत खाणींत उतरणारा कामगार आपल्या टोपीवरील दिव्यास लागणारी वीज बरोबर घेऊन जातो. पाळी संपली म्हणजे तो दिवा लॅम्परूममध्यें परत जातो व तेथें भरून ठेवितात. पुढच्या पाळीस तो पुनः सज्ज असतो. वर जमिनीवर विजेचा पुरवठा कितीहि भरवंशाचा असला तरी खालच्या अंधारांत माणसाजवळ स्वतःचा सांठा असलाच पाहिजे. खाणींतील दिवा व आगगाडीच्या डब्यांतील दिवा या दोहोंचा नियम एकच: वीज मिळत असेल तेव्हां ती सांठवून ठेवावी, आणि मिळेनाशी होईल तेव्हां ती खर्चावी.

आतां लहान गाडीकडे वळूं. फ्रँक हॉर्नबी या इंग्रज गृहस्थानें १९२० सालीं आपल्या नांवाच्या खेळांतील आगगाड्या विकावयास काढल्या, आणि तेव्हांपासून हा छंद जगभर वाढला. आपल्या प्रांतांत पुणें येथें कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. एकाच गृहस्थाच्या छंदांतून केवढें काम उभें राहूं शकतें, हें तेथें दिसतें. खरे जुने डबे जवळून पाहावयाचे असतील तर त्यासाठीं पुण्यापर्यंतहि जावयास नको. नागपुरास मोतीबागेंत १४ डिसेंबर २००२ रोजीं सुरू झालेलें नॅरोगेज रेल्वेचें संग्रहालय आपल्या जिल्ह्यास जवळ आहे.

लहान गाड्यांचीं मापें ठरलेलीं असतात. पुष्कळ ठिकाणीं चालणारें माप एच.ओ. या नांवानें ओळखतात. त्यांत प्रत्येक वस्तु मूळच्या ८७ व्या हिश्शाएवढी करितात. वर सांगितलेल्या निळ्या डब्याची लांबी सुमारें २१.३ मीटर व रुंदी सुमारें ३.२५ मीटर असते. या आंकड्यांस ८७ नें भागिलें असतां लहान डबा सुमारें २४.५ सेंटिमीटर लांब व ३.७ सेंटिमीटर रुंद येतो. एवढ्याशा जागेंत आपणांस दिवे बसवावयाचे आहेत.

या गाड्यांचें एंजिन विजेवर चालतें आणि तें वीज रुळांतूनच घेतें. एक रूळ धन व दुसरा ऋण. साध्या पद्धतींत रुळांमधील विजेचा दाब शून्यापासून सुमारें १२ व्होल्टपर्यंत कमीअधिक करून गाडीचा वेग कमीअधिक करितात, आणि धन-ऋण यांची अदलाबदल करून गाडी मागें नेतात. चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानांत एव्हांना आलेंच असेल कीं, आपल्या तिन्ही अडचणी येथें हजर आहेत. गाडी थांबविली म्हणजे रुळांत वीज नाहीं, म्हणजे अंधार. वेग वाढविला म्हणजे दाब वाढतो, म्हणजे दिवा भडकतो. दिशा बदलली म्हणजे प्रवाह उलटतो. पट्ट्याचा डायनामो येथें नाहीं. तरी रुळांतील वीज अगदीं त्या डायनामोसारखीच वागते.

तथापि त्यापूर्वीं एक काम करावें लागतें, तें म्हणजे रुळांतील वीज डब्यांत चढविणें. डब्याचीं चाकें प्लास्टिकचीं असतील तर तीं काढून धातूचीं बसवावीं. धातूच्या जोडींतील एक चाक आंसाशीं थेट जोडलेलें असतें, आणि दुसऱ्या चाकाच्या मध्यभागीं वीज न वाहणाऱ्या पदार्थाची चकती असते. तसें नसतें तर दोन्ही रूळ आंसानें एकमेकांस जोडले जाऊन वीज परस्पर निघून गेली असती. यामुळें प्रत्येक आंस एकाच रुळाची वीज घेतो. डब्याच्या पुढील गाड्यांतील दोन्ही आंस अशा रीतीनें बसवावे कीं ते उजव्या रुळाची वीज घेतील, आणि मागील गाड्यांतील दोन्ही आंस उलटे करून बसवावे म्हणजे ते डाव्या रुळाची घेतील. मग फॉस्फर ब्राँझच्या पातळ, लवचिक पट्टीचें टोंक आंसावर अलगद टेंकवावें व त्या पट्टीस बारीक तार जोडून ती डब्यांत न्यावी. ‘अलगद’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. पट्टी जोरानें दाबली तर ती ब्रेकासारखी काम करिते. एका डब्याचें घर्षण जाणवत नाहीं, परंतु सहा डब्यांचें मिळून एंजिनास जड होतें. डबा किंचित् उतार असलेल्या फळीवर ठेवून तो आपण होऊन घरंगळतो कीं नाहीं तें पाहावें. घरंगळला तर पट्टी योग्य बसली असें समजावें.

वीज आंत आली. आतां तिसरी अडचण, म्हणजे दिशा, आधीं सोडवूं, कारण ती सर्वांत सोपी आहे. डायोड नांवाचा लहानसा भाग वीज एकाच दिशेनें जाऊं देतो, उलट दिशेनें अडवितो. विहिरीवरच्या पंपाची झडप पाण्यास जसें वागविते तसाच हा विजेस वागवितो. असे चार डायोड चौकोनांत जोडले म्हणजे त्यास ब्रिज रेक्टिफायर म्हणतात. रुळांतील धन-ऋण कसेंहि असो, या चौकोनाच्या एका कोंपऱ्यास नेहमीं धन आणि समोरच्या कोंपऱ्यास नेहमीं ऋण मिळतें. खऱ्या डब्यांतील अल्टरनेटरची वीज बॅटरींत भरण्यापूर्वीं एका दिशेची करावयाची तीहि अशाच डायोडांनीं. या सोयीचें मोल म्हणून सुमारें १.४ व्होल्ट दाब खर्ची पडतो. म्हणजे रुळांत १२ व्होल्ट असतां दिव्यांच्या वाट्यास सुमारें १०.६ व्होल्ट येतात.

आतां दिवा कोणता घ्यावा? पूर्वीं या कामीं तारेचे लहान बल्ब वापरीत. असा एक बल्ब सुमारें ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. एका डब्यांत चार व गाडींत सहा डबे धरले तर हिशेब १,२०० मिलिअँपिअर, म्हणजे १.२ अँपिअर होतो; एवढ्या प्रवाहानें लहान ट्रान्सफॉर्मर दमतो. शिवाय बल्ब तापतो आणि जवळचें प्लास्टिकचें छप्पर मऊ होऊन वांकतें. आज त्याऐवजीं एल.ई.डी. वापरावे. पांढरा उजेड देणारे एल.ई.डी. शक्य झाले ते निळा उजेड देणाऱ्या एल.ई.डी.च्या शोधामुळें, त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. जपानच्या प्रयोगशाळांतील तें काम आज आपल्या मुलांच्या हातांत अल्प किंमतींत येतें, हीहि कृतज्ञतेनें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

एल.ई.डी. मात्र थेट १२ व्होल्टवर जोडूं नये. तो तत्काळ निकामी होईल. पांढऱ्या एल.ई.डी.स सुमारें ३ व्होल्ट पुरतात. उरलेला दाब रेझिस्टरनें अडवावा लागतो. त्याचें गणित ओहमच्या नियमानें येतें, आणि तो नियम वरच्या इयत्तांतील मुलांना पाठ आहेच. १०.६ मधून ३ वजा केले, ७.६ व्होल्ट उरले. प्रवाह ५ मिलिअँपिअर पुरे. खेळाच्या डब्यास याहून अधिक उजेड शोभत नाहीं. ७.६ भागिले ०.००५, म्हणजे १,५२० ओहम. बाजारांत १,५०० ओहमचा रेझिस्टर मिळतो तो घ्यावा. प्रत्येक एल.ई.डी.स स्वतंत्र रेझिस्टर असावा. चार एल.ई.डी.चा एक डबा २० मिलिअँपिअर घेतो आणि सहा डबे मिळून १२०. जुन्या बल्बांच्या मानानें हा केवळ दहावा हिस्सा झाला.

याच रेझिस्टरनें दुसरी अडचणहि बरीचशी दूर होते. रुळांतील दाब १२ वरून ६ व्होल्टवर उतरला, म्हणजे गाडी हळू चालूं लागली, तरी प्रत्येक एल.ई.डी.तून सुमारें १ मिलिअँपिअर प्रवाह वाहतच राहतो. दिवा मंदावतो, पण विझत नाहीं; आणि पूर्ण वेगाच्या वेळीं रेझिस्टर त्यास मर्यादेबाहेर जाऊं देत नाहीं. कित्येकजण दोन एल.ई.डी. एकामागून एक जोडून रेझिस्टर वांचवितात. तसें केल्यास दोघांस मिळून ६ व्होल्ट लागतात आणि गाडी हळू होतांच डबा काळोखा पडतो. ही काटकसर महाग पडते.

राहिली पहिली अडचण, आणि तीच सर्वांत कठीण. रुळांवर धूळ असते, सांध्यावर चाक उसळतें, आणि क्षणभर वीज तुटते. एंजिन जड असल्यामुळें तें तेवढ्यांत थांबत नाहीं, परंतु एल.ई.डी. इतका चपळ असतो कीं तो क्षणांत विझतो आणि क्षणांत लागतो. सगळी गाडी लुकलुकूं लागते. खऱ्या डब्यांत असें कां होत नाहीं? कारण तेथें बॅटरीचा सांठा आहे. म्हणून आपल्या डब्यांतहि सांठा हवा. लहान डब्यांत तें काम कंडेन्सर करतो. यासच आज कपॅसिटर म्हणतात. ब्रिज रेक्टिफायरच्या धन व ऋण टोंकांमध्यें १,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा एक कंडेन्सर जोडावा. वीज येत असतां तो भरतो. तुटतांच तो आपली वीज दिव्यांस देतो.

तो किती वेळ पुरेल? १,५०० ओहमचे चार रेझिस्टर शेजारीं शेजारीं जोडले असतां त्यांचा एकत्र अवरोध ३७५ ओहम होतो. ३७५ यास ०.००१ फॅरडनें गुणिलें म्हणजे ०.३७५ सेकंद येतात. एवढ्या वेळांत दिव्यांतील प्रवाह मूळच्या सुमारें ३७ टक्क्यांवर उतरतो, पण दिवा जळत राहतो. धुळीमुळें वीज तुटते ती याच्या लहानशा भागापुरतीच, म्हणून लुकलुक दिसेनाशी होते. परंतु स्थानकावर गाडी एक मिनिट उभी करावयाची असेल तर हा सांठा पुरणार नाहीं. त्यास दीडशेंपटींहून अधिक मोठा हवा. सुपरकपॅसिटर या नांवानें तेवढी शक्ति मिळते खरी, परंतु त्यांतील पुष्कळ जाती ५.५ व्होल्ट किंवा त्याहूनहि कमी दाब सोसणाऱ्या असतात. म्हणून विचार न करितां ते थेट जोडूं नयेत. दुसरा मार्ग डी.सी.सी. या नव्या पद्धतीचा आहे. तींत रुळांत सतत पूर्ण दाबाची वीज असते, आणि एंजिनास थांबण्या-चालण्याची आज्ञा त्याच विजेंतून खुणांनीं जाते. तेथें गाडी थांबली तरी दिवे लागलेलेच राहतात. मात्र धुळीसाठीं कंडेन्सर तेथेंहि हवाच.

कंडेन्सरविषयीं आणखी दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. रिकामा कंडेन्सर पहिल्या क्षणीं फार वीज ओढतो. सहा डब्यांचे सहा एकदम ओढूं लागले तर नियंत्रकास वाटतें कीं तारा एकमेकींस चिकटल्या, आणि तो वीज बंद करितो. म्हणून कंडेन्सरच्या वाटेवर १०० ओहमचा एक रेझिस्टर घालावा, म्हणजे तो सावकाश भरेल. आणि त्या रेझिस्टरच्या शेजारीं एक डायोड असा जोडावा कीं वीज बाहेर पडतांना तिला मोकळी वाट मिळेल. दुसरी गोष्ट, या कंडेन्सरास धन-ऋण असे पाय असतात. ते उलट जोडल्यास तो तापून फुटूं शकतो. जोडणी करण्यापूर्वीं खूण दोनदां पाहावी.

आतां शोभेचा भाग. एल.ई.डी. छपराच्या आंतल्या बाजूस मध्यभागीं ओळीनें चिकटवावे, आणि छप्पर आंतून पांढरें रंगवावें. दिव्यांखालीं पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी ताणून बसविली म्हणजे ठिपक्यांऐवजीं सगळ्या डब्यांत सारखा प्रकाश पसरतो. जुन्या काळचा डबा असेल तर पिवळसर उजेडाचे, आजचा असेल तर पांढऱ्या उजेडाचे एल.ई.डी. निवडावे. मग खोलींत अंधार करून डबा पाहावा. छपराच्या सांध्यांतून उजेड फुटत असेल तर तेथें आंतून काळा कागद लावावा. खरा डबा खिडक्यांतूनच प्रकाशतो, भिंतींतून नाहीं.

हें सर्व वाचून एकादा विद्यार्थी म्हणेल, “गुरुजी, आमच्याजवळ रुळांची गाडीच नाहीं.” त्यानें निराश होऊं नये. जाड पुठ्ठ्याचा २४.५ सेंटिमीटर लांब व ३.७ सेंटिमीटर रुंद डबा करावा, खिडक्या कापाव्या, तीन पेन्सिल सेल एकामागें एक ठेवून तळाशीं बसवावे. त्यांची लांबी सुमारें १५ सेंटिमीटर भरते, म्हणजे जागा पुरते. तिघांचा दाब ४.५ व्होल्ट, त्यांतून ३ वजा करितां १.५ उरतात. ३३० ओहमचा रेझिस्टर प्रत्येक एल.ई.डी.स लावला तर प्रवाह सुमारें ४.५ मिलिअँपिअर येतो. एक लहान बटण जोडलें कीं डबा तयार. येथें सेल हाच सांठा, म्हणून लुकलुक नाहीं आणि स्थानकावर अंधारहि नाहीं. हा डबा करण्यास मुलाइतकीच मुलगीहि समर्थ आहे. किंबहुना बारीक तारा जोडण्याचें काम धीराच्या हातांचें आहे, आणि धीर कोणा एकाच्या वांट्यास आलेला नाहीं.

आईबापांस दोन शब्द. घरांतील भिंतीवरची २३० व्होल्टची वीज या खेळांत कधींहि थेट आणूं देऊं नये. चांगल्या बनावटीचा, बंद पेटीचा ट्रान्सफॉर्मर किंवा सेल यांवरच काम करावें, व तो ट्रान्सफॉर्मर मुलानें उघडूं नये. गोल चपट्या बटणासारखे सेल लहान भावंडांच्या हातीं लागूं देऊं नयेत. असा सेल गिळला गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिकेस गंभीर भाजल्यासारखी इजा होऊं शकते. तशी शंका जरी आली तरी मुलास तत्काळ दवाखान्यांत न्यावें. डाख देण्याचें काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीं, हवेशीर जागीं व्हावें, आणि नंतर हात साबणानें धुवावे, कारण डाखांत शिसें असूं शकतें. एवढी काळजी घेतली तर या छंदावर जाणारे थोडे पैसे व्यर्थ जात नाहींत. ओहमचा नियम फळ्यावर पाहिलेला मुलगा तो परीक्षेपुरता लक्षांत ठेवितो. त्याच नियमानें ज्याच्या हातांतील डबा उजळला तो त्यास जन्मभर विसरत नाहीं.

शेवटीं एक विचार. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायांत प्रभूनें दहा कुमारींचा दृष्टांत सांगितला आहे. दिवे दहाहीजणींच्या हातीं होते. झोंपहि दहाहीजणींस आली. भेद एवढाच होता कीं, पांचजणींनीं दिव्याबरोबर तेलाचा सांठा घेतला होता आणि पांचजणींनीं घेतला नव्हता. मध्यरात्रीं हांक येईपर्यंत हा भेद कोणास दिसला नाहीं. चालत्या गाडींतहि तसेंच असतें. वेगानें धांवत असतां कंडेन्सर असलेला डबा आणि नसलेला डबा सारखेच उजळ दिसतात. रुळावर धूळ आली म्हणजे मगच त्यांतील अंतर कळतें. विद्यार्थिदशा ही चाकें फिरत असण्याची वेळ आहे. घर, शाळा व गुरुजन यांच्याकडून आज जें मिळतें तें सगळें आजच्या उजेडासाठीं खर्चून टाकूं नये. पुढें ज्या वेळीं मदत करणारें कोणी जवळ नसेल त्या वेळेसाठीं त्यांतील कांहीं आंत सांठवून ठेवावें.